बुजवलेली खिडकी

आतलं रडणं थांबलं तेव्हा आबांनी पहार उचलली.

तोवर ते बाहेरच्या गॅलरीत भिंतीला कान लावून उभे होते आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघत होते. मी घरातून खोलीच्या दाराला धडका देत होते. आत माझी आठ महिन्यांची नात होती. दाराची लोखंडी खिट्टी आतून पडली होती. गुरुवार होता, सकाळपासून वीज नव्हती. एप्रिलातली दुपारची अडीचची वेळ. पोर रडत होती तोवर मला धीर होता. रडणं थांबलं तशी मी गॅलरीत पळत आले.

"आबा, दार तोडा की."

"दार सागाचं हाय, भाईर उघडतंय. ते सांजपातुर तुटायचं न्हाई," ते म्हणाले. "ही भिंत मी बांधलीया. कच्ची कुटं हाय ते मला ठावं. पोर कुटल्या अंगाला निजलीया?"

"दाराच्या अंगाला. खाली गादीवर."

"मंग ठीक."

आणि त्यांनी पहिला घाव घातला. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं.

आबा आमचे घरमालक. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांची तीन मजल्यांची जुनी इमारत आहे. वरच्या मजल्यावर आम्ही. मुलगा, सून, मी, आणि नंतर नात. त्या मजल्यावरच्या बाकीच्या दोन जागा शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईच्या लोकांनी घेतलेल्या, इतर दिवशी कुलूप. मी सुदुंबऱ्याची. नवरा गेल्यावर शेती दिराकडं दिली आणि मुलाकडं आले. आबा तळमजल्यावर एकटे राहायचे. बायको कधीच गेलेली, मुलगी कान्ह्याला दिलेली.

ते घाटात रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. तीस-बत्तीस वर्षं बोगद्यांतून हातोडीनं कातळ वाजवत फिरले. खणखणीत वाजला तर दगड धरून आहे, बद्द वाजला तर सुटलाय. नोकरी संपली, हातोडी परत केली, पण वाजवायची सवय राहिली. हातोडीच्या जागी बोटाचं पेर आलं. ते कुणाच्याही घरात न विचारता शिरायचे आणि भिंत वाजवायचे. भिंत झाली की कपाट, पाण्याची टाकी, बाजारातलं कलिंगड. एकदा माझ्या मुलाच्या पाठीवर दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "शिग्रेट सोड." मुलगा आमच्यापासून चोरून ओढत होता. मी त्याच्याकडं बघितलं, तो चप्पल शोधायला लागला.

त्यांचं वैर एका पाण्याशी होतं. वर्षाचे त्यांनी दोनच भाग केले होते, पाऊस आणि पावसाआधी. आज तारीख काय असं कुणी विचारलं तर सांगायचे, "पावसाला सत्तर दिस ऱ्हायले." पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर तेलाचा रिकामा डबा ठेवायचे आणि रोज सकाळी त्यात बोटं घालून पाणी मोजायचे. "आज चार बोटं." मग जिन्यात जो भेटेल त्याला ते चार बोटं दाखवायचे. गँगची शिट्टीही त्यांच्या गळ्यात असायची. कुणाचा नळ गळताना दिसला की खालून शिट्टी. माझी सून नवी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं खाली पोलीस आलेत.

इमारतीत कुणी भिंतीला खिळा ठोकायचा नाही हा नियम होता. "खिळा म्हंजी भोक, आन् भोक म्हंजी पानी." आम्ही कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधायचो. देवाचा फोटो फळीवर टेकवलेला. छताला पंख्याचे हूक नव्हते. जुनी इमारत, बांधली तेव्हा लोणावळ्यात पंखा लागत नसे. मुलानं हूक बसवायचं म्हटलं तर आबा जिन्यातच आडवे झाले. शेवटी आम्ही उभा पंखा घेतला.

वर्षातून दोनदा मुलीकडं कान्ह्याला जायचे. सकाळच्या लोकलनं जाऊन दुपारच्या लोकलनं परत. मुलगी राहा म्हणायची. हे म्हणायचे, "तुज्या घराचं छप्पर मी बगितलंय. मी हितं निजनार न्हाई."

आमच्याकडं घरं पावसासाठी बांधतात. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून त्या अंगाची भिंत मुकी ठेवायची, खिडक्या लहान काढायच्या, गच्चीवर दरसाल डांबर. उन्हाचा विचार कुणी करत नाही, कारण ही थंड हवेची जागा आहे असं सगळेच म्हणतात. असेल पूर्वी. आता मार्चपासून तापतं. आबा दरवर्षी पावसाआधी गच्चीवर शेगडी पेटवून डांबर वितळवायचे आणि काठीला गोणपाट गुंडाळून स्वतः फासायचे. असे थरावर थर चढून ते बोटभर जाड झालं होतं. काळं कुळकुळीत. दिवसभर ते ऊन पीत राहायचं आणि संध्याकाळभर खाली आमच्या घरात सोडत राहायचं. दिवे लागले तरी भिंत वरच्या अंगाला गरम लागायची.

त्यातही नातीची खोली सगळ्यात वाईट. तिला गॅलरीकडं, म्हणजे पश्चिमेला, एक मोठी खिडकी होती. ती आबांनी आम्ही यायच्या आधीच विटांनी बुजवून टाकली होती. पूर्वेला हातभर रुंदीची एक खिडकी, ती उंच. वारा एका बाजूनं यायचा आणि दुसरीकडं वाट नाही म्हणून यायचाच नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं कुणीतरी पावसात गेलं असणार, म्हणून हे वेड. मी त्यांच्या मुलीला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तसं काय न्हाई, मावशी. आबांना पानी आत आल्यालं खपत न्हाई. एवडंच." मला ते बरं वाटलं. प्रत्येक खोडीमागं दुःख असतं असं नाही.

नात ऑगस्टमध्ये झाली. मार्च लागला तशी ती दुपारी झोपेना. अंगावर घामोळं उठलं. मी खाली जाऊन आबांना म्हटलं, "ती खिडकी उघडा. पोर भाजून निघतेय."

"खिडकी उगडली तर जूनमदी पोर भिजंल."

"जूनचं जूनमध्ये बघू."

"जूनचं जूनमदी बगनारी मानसं दरडीखाली घावत्यात, बाई."

"आधी एप्रिल तर निघू दे."

"बगतो," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. त्यांचं बगतो म्हणजे नाही, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

पण दोन दिवसांनी कान्ह्याहून एक टेम्पो आला, त्यात भाताचा पेंढा. आबांनी तो गच्चीवर नेला आणि बरोबर नातीच्या खोलीवर वीतभर जाड पसरला. मग बादली घेऊन वर गेले आणि पेंढ्यावर पाणी ओतलं. ज्या माणसानं जन्मभर त्या स्लॅबवर थेंब टिकू दिला नाही त्यानं स्वतःच्या हातानं बादल्या रिकाम्या केल्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, तळमजल्यावरून वर वाहून. वरच्या टाकीतलं पाणी गरम असतं म्हणून खालच्या हौदातलं. सुनेनं ते बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "आई, मालकांना बरं नाही का?"

खोली निवली. पूर्ण नाही, पण पोर दुपारी तासभर झोपायला लागली. संध्याकाळचं पाणी झालं की आबा खोलीत यायचे, भिंतीला पालथा हात लावायचे आणि पावसाचं सांगावं तसं सांगायचे, "दोन बोटं उतरलं." उष्णता बोटांनी कशी मोजायची ते त्यांनाच ठाऊक. मी दाराला ओलं लुगडं लावायचे, माठ खोलीत ठेवायचे, पोरीला खाटेवरून खाली फरशीजवळ गादीवर निजवायचे, कारण ऊन वरून उतरतं. यातलं निम्मं मला आबांनी सांगितलं होतं. तापलेल्या रुळांवर माणसं कशी राबवायची हे त्यांना कळत होतं.

खिडकीचा विषय मात्र ते काढू द्यायचे नाहीत.

आणि एक विषय मी काढू द्यायचे नाही. मी चार पोरं सुदुंबऱ्यात वाढवली. रोज तेल लावायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, ओव्याची धुरी द्यायची, आणि मग डोक्याला टोपडं बांधून दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवायचं. टाळू उघडी ठेवायची नाही, कानात वारं जाऊ द्यायचं नाही. चारही जगली. नातीलाही मी तसंच करायचे. दवाखान्यातल्या नर्सनं सुनेला सांगितलं होतं की उन्हाळ्यात पातळ सुती झबलं पुरे, डोकं मोकळं ठेवा. मी म्हटलं, "त्या नर्सनं किती पोरं वाढवली?" सून कुसगावला एका हॉटेलात कामाला, सकाळी आठला जायची. जाताना पोरीचं टोपडं काढून घडी करून ठेवायची. ती फाटकातून बाहेर पडली की मी परत बांधायचे. लोकरीचं, हिरवं, माझ्याच हातचं.

आबांनी ते एकदा बघितलं. भिंतीला हात लावायला आले होते.

"बाई, पोरीच्या डोक्यावरचं ते काडा. वैशाखात रूळ तापून वाकतोय, ही तर येवडीशी पोर."

"तुमी तुमची खिडकी बगा, आबा. मी माजं टोपडं बगते."

रागात माझी गावची बोली येते. त्यांनी भिंत वाजवली आणि ते गेले. आम्ही दोघं सारखेच होतो. मध्ये पोर होती.

त्या गुरुवारी गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. दीडच्या सुमारास पोर झोपली. मी पूर्वेची खिडकी लावून घेतली, बाहेरून झळा येत होत्या. मांजर शिरू नये म्हणून दार लोटलं. दार जड होतं, पावसाला म्हणून कडेनं पत्रा मारलेला. मी जोरात लोटलं. खिट्टी उभी ठेवलेली असायची, ती धक्क्यानं आत पडली. मला ते कळलं नाही. मी वर गेले. कुरडया पालटल्या, तुटलेल्या वेगळ्या केल्या, पलीकडच्या गच्चीवरच्या बाईशी बोलत उभी राहिले. किती वेळ? मुलाला मी नंतर दहा मिनिटं सांगितलं. अर्धा तास तरी झाला असेल.

खाली आले तर पोर आत किंचाळत होती आणि दार उघडत नव्हतं. मुलाला फोन लावला, तो तळेगावला कंपनीची बस घेऊन गेलेला. तेवढ्यात आबाच वर आले. रडणं त्यांना खालपर्यंत ऐकू गेलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. दार बघितलं, बाहेर गेले, भिंत वाजवली, पहार आणायला खाली गेले आणि परत वर आले. तीन मजले उतरून चढून.

भिंत फोडताना ते विटा आत ढकलत नव्हते. सांध्यात पहार घालून वीट आपल्या अंगावर ओढत होते. आत पोर आहे, वीट आत पडता कामा नये. चार-पाच विटा त्यांच्या पायावर पडल्या. मी हातानं माती ओढत होते. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागली असतील. माणूस जेमतेम जाईल एवढं भोक पडलं, आणि आबा त्यातून आधी डोकं घालून आत शिरले. ते बारीक होते. मी त्यातून गेले नसते.

खिट्टी निघाली, दार उघडलं. त्यांच्या हातात पोर होती. अंगावर लंगोट तेवढा. दुपटं नव्हतं, झबलं नव्हतं, टोपडं नव्हतं. मान लुळी, डोळे वर गेलेले, अंग तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. मी माठ तिच्यावर रिकामा केला. आबा म्हणाले, "डोक्यावर नगं, काखंत न् जांगंत लावा," आणि स्वतःच्या धोतराचा सोगा भिजवून तिच्या काखेत धरला. तसेच आम्ही खाली आलो, रिक्षात बसलो. रिक्षात तिला आकडी आली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरीला आत घेतलं, सलाईन लावलं, पंखे लावले. मग बाहेर येऊन मला विचारलं, "खोलीत होती तेव्हा अंगावर काय होतं? काही गुंडाळलं होतं का?"

तोवर सून धावत आली होती. ती माझ्याकडं बघत होती. आबा दाराला टेकून उभे होते, सगळे मातीनं माखलेले.

मी म्हणाले, "नुसतं झबलं."

मग म्हणाले, "खोलीच तशी आहे. मालकांनी खिडकी बुजवलीय."

सून त्यांच्याकडं वळली. ती मोठ्यानं बोलणारी बाई नाही. म्हणाली, "किती वेळा सांगितलं तुम्हाला, आबा. मार्चपासून सांगतोय. पाणी, पाणी, पाणी. माझी पोर गेली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. सुनेला म्हणाले, "व्हय पोरी. चुकलंच माजं."

दुपटं सोडून झबलं काढून टोपडं उतरवणारे तेच होते. त्यांना ठाऊक होतं. आणि मी तिथंच उभी होते.

संध्याकाळी पोर रडली. डॉक्टर म्हणाला, आता काळजी नाही, पण दोन दिवस ठेवू.

शुक्रवारी मी घरी आले आणि आबांना पेज घेऊन गेले. ते निजून होते. दिवसा निजलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. चेहरा राखेसारखा. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, "अंग आंबलंय. दुसरं काय न्हाई." चार घोट पेज घेतली.

"पोर कशी हाय?"

"बरी आहे. दूध प्यायली."

"मंग झालं."

मी तिथं बसून राहिले. मला बोलायचं होतं. मी म्हटलं, "आबा, काल डॉक्टरला मी जे..."

"ते भोक बुजवू नगा," ते म्हणाले. "चौकट बसवा. वर दोन फुटाचा छज्जा काडा, जरा उताराचा. मंग पानी आत येत न्हाई. मी बगितलंय मापून." मग म्हणाले, "आदीच काडाय पायजे हुता."

मी वाटी उचलली आणि वर आले.

शनिवारी सकाळी त्यांच्या मुलीचा मला फोन आला, आबा फोन उचलत नाहीत म्हणून. मी खाली गेले. ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

इमारतीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं पोरीसाठी जीव दिला. तसं कुणी जीव देत नाही. ते पोरीला काढायला गेले होते, मरायला नव्हे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उन्हात तीन मजले दोनदा चढून पहार चालवली की जे होतं ते झालं. त्यांना भिंत फोडून आत जावं लागलं, कारण त्यांनी खिडकी बुजवली होती आणि मी पोरीला गुंडाळून वर गप्पा मारत होते. दोन्ही खरं आहे. लोकांना त्यातलं एकच माहीत आहे.

त्यांचे दिवस झाल्यावर मुलगी सामान आवरायला आली. दुपारी वर आली, चहा घेतला, आणि पिशवीतून हिरवं टोपडं काढलं. मातीनं भरलेलं. "आबांच्या बंडीच्या खिशात हुतं. तुमच्याच पोरीचं असंल, मावशी." ते सुनेच्या हातात दिलं.

सुनेनं ते उलटसुलट करून बघितलं. बंदांची गाठ सुटलेली नव्हती, आबांना ती सोडता आली नव्हती, त्यांनी बंद तोडला होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहाचे कप उचलले. तिनं ते टोपडं धुतलं नाही, टाकलं नाही, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. आज चौथं वर्ष आहे. ती त्यावर एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसापासून पोरीला काय घालायचं हे मला विचारत नाही, आणि मी सांगत नाही.

आबांच्या मुलीनं खिडकीला चौकट बसवून दिली, वर छज्जा काढला. पाणी आत येत नाही. गच्चीवर आता पांढरा रंग दिलाय. वीज नसली तरी खोलीत बसवतं. मुलानं हूक मात्र अजून बसवलेला नाही. कुणी त्याला नको म्हटलेलं नाही, तरी त्याचा हात होत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायला वेळ लागतो, म्हणून थोडक्यात लिहिते. त्या दुपारी त्या खोलीपाशी आम्ही तिघं होतो. आबा दोन दिवसांनी गेले. नात आणि मी जगलो.